शहर सीमेच्या आत की बाहेर? अनुराधपूरच्या ‘पूजाभूमी’ची पार्श्वभूमी

श्रीलंकेतल्या अनुराधपूरला, बेटाच्या या जुन्या राजधानीत, बसने उतरलं की पहिला घोळ स्टँडवरच होतो. इथे ‘जुना स्टँड’ आणि ‘नवा स्टँड’ असे दोन आहेत आणि दोन्ही नव्या शहरात आहेत. जुन्या शहरात स्टँड नाही, कारण जुन्या शहरात शहरच उरलेलं नाही. तिथे स्तूप आहेत, तलाव आहेत, बोधिवृक्ष आहे, हिरवळीतून वर आलेले दगडी खांब आहेत. माणसं दिवसा येतात आणि जातात. राहायला माल्वतु ओया नदीच्या पूर्वेला, नव्या शहरात. तिथे पत्ता विचारला तर ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ असं ऐकू येतं. योजनेचे टप्पे होते ते. टप्पे संपून जमाना झाला, तरी पत्त्यात राहिले.

बोधिवृक्ष कोणी आणला, कोणता स्तूप कोणत्या राजाचा, हे इथे पुन्हा सांगत नाही. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी पोलोन्नरुवेला गेली आणि अनुराधपूर रानात गेलं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. यात्रा मात्र पूर्ण थांबली नाही.

या जुन्या शहराच्या आवाराला आज ‘पूजाभूमी’, म्हणजे पवित्र क्षेत्र, म्हणतात, आणि तिच्यात कुणाला जागा आहे, कुणाला नाही, यावरून भांडण आहे. त्या भांडणाची सुरुवात १८७३ ची. जाफनाहून चालणाऱ्या उत्तर प्रांताचा दक्षिण भाग तोडून इंग्रजांनी उत्तर-मध्य प्रांत केला आणि त्याचं ठाणं अनुराधपूरला ठेवलं. कचेरी आली (शब्द तिथेही कचेरीच), तिच्यामागून तुरुंग, दवाखाना, चर्च, बाजार. हे सगळं अवशेषांच्या मधोमध, कारण मोकळी, उंचावरची, तलावाजवळची जागा तीच होती. १८८० च्या दशकात कलावेवा तलाव दुरुस्त झाला, तिथून निघणाऱ्या जुन्या कालव्याचं पाणी परत शहराच्या तलावांत आलं आणि ओसाड मुलूख राहण्याजोगा झाला. १८९० मध्ये पुरातत्त्व खातं सुरू झालं. १९०५ मध्ये रेल्वे थेट जाफनापर्यंत गेली, वाटेत अनुराधपूर. म्हणजे ज्या सरकारने एका हाताने रान साफ करून स्तूप उघडे केले, त्याच सरकारने दुसऱ्या हाताने स्तूपांच्या अंगणात गाव वसवलं. यात कुणाचा डाव होता असं म्हणता येत नाही. पडीक दिसेल ती जमीन सरकारी, हा १८४० पासूनचा कायदा होता आणि त्या हिशेबात विहाराचं आवारही पडीकच ठरलं.

जून १९०३ मध्ये पोसोन पौर्णिमेच्या (बौद्ध धर्म बेटावर आल्याच्या सणाच्या) यात्रेत दंगल उसळली. जमावाने मांसाच्या दुकानांवर आणि चर्चवर राग काढला. पवित्र जागेतून दारू आणि मांसाची दुकानं हटवा, विहाराची जमीन परत द्या, ही मागणी घेऊन त्याआधीच चळवळ उभी राहिली होती. तिच्या नेत्यावर खटला चालला, ते निर्दोष सुटले. आज त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे, तोही नव्या शहरात.

निर्णय प्रत्यक्ष झाला तो १९४० च्या दशकात, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या दहा वर्षांत ठरून गेलं. १९४० मध्ये पुरातन वास्तूंचा कायदा आला, त्याखालच्या नियमांनी प्राचीन वास्तूभोवती ४०० यार्डांचं बंधन घातलं. कागदावर हे साधं दिसतं. पण अनुराधपूरमध्ये एका अभयगिरी विहाराचाच पसारा सुमारे २०० हेक्टरांचा. प्रत्येक वास्तूभोवती ४०० यार्डांचं वर्तुळ काढत गेलं तर वर्तुळं एकमेकांत शिरतात आणि मध्ये घर बांधायला जागाच उरत नाही. पायासाठी कुदळ मारावी तर खाली वीट लागते. पुरातत्त्ववाल्यांना गाव नको होतं ते या विटेमुळे, चळवळवाल्यांना नको होतं ते पावित्र्यासाठी. दोघांची कारणं वेगळी, मागणी एकच. मग १९४६ मध्ये नगररचनेचा कायदा झाला आणि बेटावरच्या पहिल्या प्रशिक्षित नगररचनाकाराने आराखडा केला: आहे ते गाव पूर्ण उठवायचं, नदीपलीकडे नवं वसवायचं.

आराखडा म्हणून तो वाईट नव्हता. रुंद रस्ते, झाडी, वस्त्यांमध्ये मोकळ्या जागा, कचेऱ्या एकीकडे आणि बाजार दुसरीकडे, पूर्वेला नुवर वेवाचं विस्तीर्ण पाणी. इंग्रजी उद्याननगरीच्या कल्पनेची छाप सरळ दिसते. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांना माळावर ‘नवं’ नाव लावून जे प्लॉट पाडून दिले, त्यांच्याशी तुलना केली तर हे पुनर्वसन श्रीमंतीचं म्हणायला हवं. हलवाहलव १९५० आणि १९६० च्या दशकांत होत राहिली. उठवलेल्या बाजारपेठेत तमीळ आणि मुसलमान व्यापाऱ्यांची संख्या मोठी होती. मध्येच १९५६ साल येतं, बुद्धजयंतीचं २५०० वं वर्ष. त्याच वर्षी सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. ज्या मंत्र्यांच्या खात्याने दहा वर्षांपूर्वी नगररचना कायदा आणला होता, तेच आता पंतप्रधान होते. जो आराखडा जतनाचा म्हणून निघाला, तो या हवेत कसा वाचला गेला असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता शब्दाकडे. सिंहलीत म्हणतात ‘पूजा भूमि’. मराठी माणसाला वाटतं, कळलं. तिथेच फसगत होते. अनुराधपूरमध्ये किमान तीन हद्दी एकमेकींवर पडलेल्या आहेत. पहिली पुरातत्त्वाची, ती वास्तूपासून मोजतात. दुसरी विहारांच्या मालकीची, ती दानपत्रं आणि परंपरेवर उभी असते. बोधिवृक्षासह आठ मुख्य स्थानं, म्हणजे ‘अटमस्थान’, तिच्या केंद्रस्थानी आहेत. तिसरी नगररचनेची, ती नकाशावर रंग भरून काढलेली. पूजाभूमी हा या तिसऱ्या हद्दीचा शब्द. आपल्या शहरांच्या विकास आराखड्यातल्या (डीपीतल्या) आरक्षणासारखा. पण बोलताना त्याला पहिल्या हद्दीचा पुरावा आणि दुसऱ्या हद्दीचा हक्क दोन्ही चिकटतात. नकाशावर काल उमटलेली रेघ दोन हजार वर्षांची वाटायला लागते.

खरी दोन हजार वर्षांची रेघ कशी होती? महावंस या बेटाच्या जुन्या पाली बखरीत तिची गोष्ट आहे. राजाने सोन्याच्या नांगराने महाविहाराची, म्हणजे भिक्षूंच्या मुख्य मठाची, सीमा आखली, आणि ती नगर आत घेऊन आखली. आम्हांला बुद्धाच्या आज्ञेत राहायचंय, तेव्हा शहरही सीमेच्या आत असू द्या, असं त्याचं म्हणणं. त्याच ग्रंथात याहून आधीच्या राजाने नगर कसं वसवलं त्याचं वर्णन आहे आणि ते एखाद्या नगरपालिकेच्या आस्थापना यादीसारखं वाचता येतं: रस्ते झाडायला ५०० चांडाळ, गटारं साफ करायला २००, प्रेतं वाहायला १५०, स्मशानाच्या राखणीला १५०. पश्चिम दरवाजाजवळ यवनांची (म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी लोकांची) वस्ती. ब्राह्मणांना घरं, आजीवक पंथाच्या संन्याशांना घरं, निगंठांना म्हणजे जैनांना घरं, आजाऱ्यांसाठी निवारा, बाळंतिणींसाठी वेगळा निवारा. ग्रंथ नंतरच्या भिक्षूंनी लिहिलेला, आकडे शब्दशः धरू नयेत. पण पवित्र नगर म्हटल्यावर त्या भिक्षूंच्या डोळ्यांपुढे काय येत होतं ते कळतं. गटार साफ करणारा त्यांच्या चित्रात होता. (तो कुठे राहायचा? स्मशानापलीकडे. ते चित्र निर्मळ होतं असा याचा अर्थ नव्हे, आणि मराठी वाचकाला हे सांगायची गरजही नसावी.)

विसाव्या शतकातल्या आराखड्याने नेमकं उलट केलं. ‘पवित्र’ नदीच्या अलीकडे ठेवलं, ‘नगर’ पलीकडे नेलं. वारसा वाचला हे खरंच. १९८० नंतरच्या मोठ्या उत्खनन-जतन कार्यक्रमाला जेतवन आणि अभयगिरी या विहारांचे परिसर मोकळे मिळाले, १९८२ मध्ये अनुराधपूर जागतिक वारसा यादीत गेलं. मधल्या काळात तिथे चार मजली लॉज उभी राहिली असती तर जेतवनाच्या स्तूपाचा तो विटांचा डोंगर, मुळात सुमारे १२२ मीटर उंच, आज केबलच्या जाळ्यामागून बघावा लागला असता. पण रिकामी केलेली जागा रिकामी राहत नाही, तिच्यावर अर्थ वाढत जातात. अवशेषांसाठी जागा हवी, इथवर मला पटतं. अवशेष नसलेल्या घराला ‘तू इथे कसा’ म्हणून विचारणं हा त्याचाच पुढचा भाग कसा होतो, ते पटत नाही.

१४ मे १९८५ ला, यादवी युद्धाच्या काळात, तमीळ बंडखोरांनी आधी स्टँडवर आणि मग बोधिवृक्षाच्या आवारात गोळीबार केला. मृतांचा आकडा १४६ सांगितला जातो. त्यानंतर पूजाभूमीला पहारे आणि अडथळे आले, बोधिवृक्षाकडे जाताना अंगझडती आली. आराखड्याने शहर दूर नेलं होतं, युद्धाने ये-जाही मोजूनमापून होऊ लागली.

युद्ध २००९ मध्ये संपलं आणि शब्द पुन्हा बाहेर आला. सप्टेंबर २०११ मध्ये भिक्षूच्या पुढाकाराने आलेल्या जमावाने अनुराधपूरमधला एक दर्गा पाडला. कारण दिलं गेलं ते हेच, की ही जमीन दोन हजार वर्षांपूर्वी बौद्धांना दिलेली आहे. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये दंबुल्ला या दुसऱ्या तीर्थाच्या गावातल्या मशिदीवर मोर्चा गेला, तिथेही मुद्दा पूजाभूमीचा. दोन्ही ठिकाणी नकाशाचा रंग कायद्याच्या भाषेत सुरू झाला आणि कुदळीपर्यंत पोचला.

नागपूरच्या वाचकांना यातलं काही ओळखीचं वाटेल. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधपूरच्या वृक्षाच्या फांदीचा. १ जुलै २०२४ ला तिथे भूमिगत पार्किंगच्या खोदकामाविरुद्ध लोक उतरले; स्तूपाला आणि त्या झाडाला धोका होईल, ही धास्ती होती. त्याच दिवशी कामाला स्थगिती मिळाली. प्रश्न मात्र अनुराधपूरच्या उलटा आहे. तिथे माणसांना दूर नेऊन जागा राखली, इथे एका दिवसात लाखो येणार म्हणून जागेलाच खोदायचं ठरलं होतं.

पोसोनची गर्दी अनुराधपूरलाही आवरत नाही. मिहिंतले ही यात्रेची टेकडी पूर्वेला बारा-तेरा किलोमीटरवर, त्यामुळे बोधिवृक्षाकडून तिकडे निघालेल्या यात्रेकरूला नवं शहर वाटेतच लागतं. त्या दिवसांत रस्त्याकडेला ‘दन्सल’ लागतात, येईल त्याला फुकट जेवण, सरबत, चहा. उठवून पलीकडे नेलेलं गाव वर्षातून एकदा जत्रेच्या मधोमध येतं. एरवी पांढऱ्या कपड्यातली माणसं सकाळी पूल ओलांडून पूजाभूमीत शिरतात, वाहनतळाच्या कडेच्या टपरीवर कमळं घेतात, पाकळ्या एकेक करून उलगडतात आणि आत जातात.