बुडत्या वाटीचं घड्याळ: घटिकापात्राची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या सायन्स ऑलिम्पियाड या विद्यार्थ्यांच्या विज्ञान स्पर्धेत ‘इट्स अबाउट टाइम’ हा स्पर्धाप्रकार झाला आहे. विजेवर न चालणारं साधन स्वतः बनवायचं आणि त्यावर 10 ते 300 सेकंदांपर्यंतचा काळ मोजायचा. लंबक सगळ्यांनाच आधी सुचतो, पण पाच मिनिटं झोके मोजत बसणं म्हणजे चुकीला आमंत्रण. आपल्या लग्नांत मुहूर्तासाठी पाण्यावर सोडायचे ते घटिकापात्र इथे जास्त कामाचं.

तळाला छिद्र असलेलं तांब्याचं पात्र अहोरात्रात 60 वेळा बुडावं, असं सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ सांगतो. म्हणजे एक घटिका 24 मिनिटांची. आठव्या शतकातल्या लल्ल या ज्योतिर्विदाने मापंही दिली (पल आणि मासा ही जुनी वजनं): 10 पलं तांबं, 6 अंगुळं उंची, 12 अंगुळं व्यास, आणि 3⅓ मासे सोन्याच्या 4 अंगुळं लांब सुईने पाडलेलं छिद्र. भास्कराचार्यांना हे पटलं नाही. 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत ते म्हणतात, पात्र दिवसरात्रीत किती वेळा बुडतं ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा. तेच त्या पात्राचं माप. आधी ठरवलेल्या मापाबरहुकूम पात्र घडवण्यापेक्षा घडलेलं पात्र तपासून घ्यावं, हा विचार आजही मुलांना पहिल्यांदा शिकवावा असा आहे.

कर्नाकला सापडलेल्या इजिप्शियन जलघटीतून पाणी बाहेर वाहतं. पातळी उतरली की धार मंदावते, म्हणून तिच्या भिंती उतरत्या केल्या आहेत. तरंगत्या पात्रात ही अडचणच येत नाही. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक पात्राच्या वजनावर ठरतो, आणि भिंती सरळ असतील तर तो शेवटपर्यंत तेवढाच राहतो. पाणी एकाच वेगाने आत येतं, त्यामुळे आतल्या भिंतीवर समान अंतराच्या खुणा चालतात.

8 सेंमी व्यासाचं, 6 सेंमी उंच, सरळ भिंतींचं स्टीलचं भांडं घ्या. एकूण वजन 100 ग्रॅम भरलं की पातळीतला फरक साधारण 2 सेंमी येतो. मधोमध 1.5 मिमीचं छिद्र पाडलं तर ते पाच मिनिटांच्या आसपास बुडतं. आतली पातळी मिनिटाला 8 मिमी चढते. 1 मिमीच्या छिद्राने हाच वेळ अकरा मिनिटांवर जातो. कमी पडणारं वजन तळाला, छिद्राभोवती गोल बसवा. भांडं कललं की एका बाजूचा काठ आधी बुडतो आणि मोजमाप वाया जातं.

छिद्राच्या कडेला उरलेली धातूची कूस बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. भांडं तेलकट असेल तर पाणी छिद्राच्या तोंडाशीच थेंब होऊन अडतं. 1 मिमीच्या छिद्रात तो थेंब फुटायला जवळजवळ 3 सेंमी पाण्याचा दाब लागतो, आपल्याकडे आहे 2 सेंमी. म्हणून भांडं राखेने किंवा साबणाने घासून, भरपूर विसळून, आतून ओलं करूनच सोडा. पाणी फडक्याने गाळा. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नाच्या घटिकापात्रात मोती अडकून मुहूर्त टळल्याची आख्यायिका अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने 1587 मध्ये केलेल्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या फारसी भाषांतरात आहे. इथे वाळूचा एक कणही तेवढंच नुकसान करतो.

शेवटी स्टॉपवॉच लावून दहा वेळा बुडवा आणि सरासरी काढा. 20 अंशांवरून 30 अंशांवर गेलं की पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) सुमारे 20 टक्के घटते आणि बुडण्याचा वेळ थोडा सरकतो. सरावाच्या पाण्याचं तापमान लिहून ठेवा आणि स्पर्धेच्या दिवशी तितक्याच तापमानाचं पाणी घ्या.