ओपिऑइड सोडताना किशोरांना द्यायची औषधे : पार्श्वभूमी

हेरॉइन किंवा तत्सम ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा असर करणारे द्रव्य, अचानक थांबले की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जांभयांवर जांभया येतात, पाठोपाठ जुलाब-उलट्या, आणि झोप तर उडतेच. एरवी धडधाकट असलेल्याचा जीव यात सहसा जात नाही. म्हणूनच ‘चार दिवस सोसू द्या, उतरेल’ हा उपाय फार काळ टिकला. रुग्ण पंधरा-सोळा वर्षांचा असला, की त्यात अद्दल घडवण्याची हौसही मिसळायची.

औषधे आली ती मोठ्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत वेदनाशामक म्हणून तयार झालेले मेथाडोन १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या रुग्णांना रोज द्यायला सुरुवात केली. त्याचा असर दिवसभर पुरतो, त्यामुळे तलफेचे चढउतार थांबतात. अल्पवयीनांना मात्र अमेरिकी नियमांनी दारातच अडवले. बारा महिन्यांत दोनदा उपचार फसल्याची नोंद दाखवा, मगच मेथाडोनवर ठेवता येईल, अशी अट होती. म्हणजे आधी दोनदा बुडून दाखवा, मग दोर टाकू!

१९७८ मध्ये येल विद्यापीठातील मार्क गोल्ड, हर्बर्ट क्लेबर आदींनी रक्तदाबाचे क्लोनिडीन वापरून पाहिले. शरीराला सावध ठेवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिन या रसायनाची ओपिऑइडने दाबून ठेवलेली यंत्रणा ओपिऑइड बंद होताच उसळते; क्लोनिडीन ती उसळी आवरते. ते स्वतः ओपिऑइड नसल्याने किशोरांना देताना डॉक्टरांचा हात कचरत नसे. पण घाम, धडधड कमी झाली तरी तलफ जागच्या जागी राहते, शिवाय रक्तदाब उतरण्याची भीती असते. त्याच कुळातले लोफेक्सिडीन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले, तेही फक्त प्रौढांसाठी.

खरा फरक ब्युप्रेनॉर्फिनने पडला. हे मेंदूतील ओपिऑइडच्या ग्राहींना, म्हणजे ते जिथे चिकटून असर करते त्या जागांना, घट्ट धरते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. ठरावीक मात्रेपुढे श्वास दाबण्याचा परिणाम फारसा वाढत नाही. मात्र आधीचे ओपिऑइड अंगात असताना दिले तर ते त्याला हुसकावते आणि त्रास एकदम उफाळतो, म्हणून पहिल्या मात्रेची वेळ सांभाळावी लागते. अमेरिकेत २००२ मध्ये १६ वर्षांपासून पुढे त्याला मान्यता मिळाली.

किशोरांवरचे पुरावे त्यानंतरचे. २००५ मध्ये लिसा मार्श आणि सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या ३६ जणांवर २८ दिवस तुलना केली : ब्युप्रेनॉर्फिनच्या गटातले ७२ टक्के उपचारात टिकले, क्लोनिडीनच्या गटातले ३९. पण टिकून पुढे काय? २००८ मध्ये जॉर्ज वुडी यांच्या चमूने १५ ते २१ वयाच्या १५२ जणांवर त्याचे उत्तर शोधले. एका गटाला औषध १४ दिवसांत उतरवून बंद केले. दुसऱ्याचे नवव्या आठवड्यापासून कमी करत बाराव्यात संपवले. आठव्या आठवड्यात पहिल्या गटात ५४ टक्क्यांच्या लघवीत ओपिऑइड सापडले, दुसऱ्यात २३. बाराव्यात, औषध काढून घेतल्यावर, दुसऱ्या गटाचा आकडाही ४३ वर चढला.

लक्षणे उतरवणे म्हणजे उपचार संपणे नव्हे, हे इथे स्पष्ट झाले. उलट, सवय सुटलेल्या शरीराला जुनीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये तीव्र व्यसन असलेल्या किशोरांना औषधोपचार द्यावा, अशी भूमिका घेतली. दोनदा फसण्याची ती अट मात्र कागदावरून गेली थेट २०२४ मध्ये.