टॅपिंगची पोच कुणालाच मिळत नाही

‘तीन निळ्या खुणा दिसल्या, तर सरकारने तुमच्या मेसेजची नोंद घेतली असं समजा’ हा मजकूर काही वर्षांपासून व्हॉट्सॲपवर फिरतोय आणि शिकलेसवरलेले लोकही तो पुढे पाठवतात. तो साफ खोटा आहे. का खोटा आहे हे समजलं, की आपला पाळतीचा कायदा कुठे तोकडा पडतो तेही दिसतं.

जुन्या लँडलाइनवर टॅपिंग म्हणजे खरोखर तारेला तार जोडणं. एक्स्चेंजमधून तांब्याच्या दोन तारा घरी येत, त्यांवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब असे. रिसीव्हर उचलला की प्रवाह सुरू होई आणि बोलण्याबरोबर तो कमीजास्त होई. कुणी त्या तारांना समांतर दुसरा फोन जोडला, तर प्रवाहाचा काही भाग तिकडे वळे. जोडताना ‘खट्’ आवाज येई, पलीकडचं बोलणं किंचित बारीक होई. लाइनमध्ये खरखर झाली की ‘फोन टॅप होतोय’ म्हणायची सवय तिथली.

डिजिटल एक्स्चेंजने हे सगळं संपवलं. तिथे आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, प्रत्येक मोजमाप ८ बिटमध्ये, म्हणजे ० किंवा १ अशा आठ आकड्यांत लिहितात. म्हणजे एका दिशेच्या बोलण्याचे सेकंदाला ६४,००० बिट. बोलणं आकड्यांची रांग झालं, की तिची दुसरी प्रत काढून तपास यंत्रणेकडे वळवायची, एवढंच उरतं. आकडा उतरवून घेतल्याने मूळ आकडा झिजत नाही. प्रवाह घटत नाही, खट् होत नाही. व्हॉट्सॲपच्या दुहेरी खुणा म्हणजे समोरच्याच्या फोनने दिलेली पोच. वाटेत प्रत काढणारं यंत्र पोच देतच नाही. शिवाय तो मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात असतो, नुसती प्रत मिळून तो वाचता येत नाही.

तेव्हा टॅपिंग झालं हे फोन सांगणार नाही. सांगायचं तर कायद्यानेच.

१८८५च्या तार कायद्याच्या कलम ५ने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी संदेश अडवायची मुभा दिली, पण ती वापरायची रीत शतकभर धड ठरलीच नाही. राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगवरून ‘पीयूसीएल’ ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला: आदेश गृहसचिवाचा हवा, मुदत दोन महिने, वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि वर फेरतपासणी समिती. ही समिती मात्र सचिवांचीच. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. सचिवाचा आदेश सचिवांनीच तपासायचा, न्यायाधीश कुठेच नाही, हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यात गुन्ह्याच्या तपासासाठी टॅपिंगचा आदेश न्यायाधीश देतो आणि मुदत संपल्यावर साधारणपणे ९० दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं.

आपल्याकडे कळवण्याची तरतूदच नाही. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे सीबीआयसाठी काढलेले आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक आणीबाणी नव्हती आणि सुरक्षिततेचा प्रश्नही नव्हता. त्याला दाद मागता आली, कारण त्याच्यावर खटला होता. ज्यांच्यावर खटला होत नाही, त्यांना १८८५च्या जागी आलेल्या २०२३च्या दूरसंचार कायद्यातही आणि डिसेंबर २०२४च्या नियमांतही कळवण्याची सोय केलेली नाही.