नियम किती वेगाने पोहोचावा?

मोठ्या कार्यालयांच्या आयटी विभागात ‘काल सगळ्या मशीनवर पॉलिसी ढकलली’ हे वाक्य सहज ऐकू येते. ढकलली म्हणजे प्रशासकाने कन्सोलमध्ये, म्हणजे सगळी उपकरणे एका जागेवरून सांभाळण्याच्या पडद्यावर, एक नियम नोंदवला आणि तो शेकडो लॅपटॉप, संगणक व फोन यांवर लागू झाला. पेन ड्राइव्ह चालू नये, दहा मिनिटे कोणी हात लावला नाही तर स्क्रीन लॉक व्हावी, अशा स्वरूपाचे हे नियम असतात आणि ज्या उपकरणांवर ते लागू होतात त्यांना एंडपॉइंट म्हणतात. वाक्यातले क्रियापद मात्र फसवे आहे, कारण बहुतेक व्यवस्थांमध्ये नियम ढकलला जात नाही, तो ओढला जातो.

प्रत्येक उपकरणावर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्राम सतत चालू असतो. तो ठरावीक काळाने सर्व्हरला विचारतो की माझ्यासाठी काही नवीन आहे का, आणि असल्यास ते उतरवून घेऊन स्वतःच अमलात आणतो. विंडोज २००० बरोबर आलेल्या ग्रुप पॉलिसी या मायक्रोसॉफ्टच्या नियम-व्यवस्थेमध्ये ही विचारणा मूळ सेटिंगनुसार दर ९० मिनिटांनी होते आणि त्यात ० ते ३० मिनिटांची यादृच्छिक भर घातली जाते. ही भर मुद्दाम आहे. ती नसती तर सकाळी एकाच वेळी सुरू झालेले सगळे संगणक दर दीड तासाने सर्व्हरच्या दाराशी एकदम गर्दी करत राहिले असते. आयफोनला पाठवली जाणारी पुश सूचनाही केवळ दवंडी असते. दवंडी ऐकून फोन स्वतः सर्व्हरकडे जातो आणि आपला आदेश घेऊन येतो.

याचा व्यावहारिक परिणाम असा की उपकरणावर नियम लागू आहे असे सांगणारी कन्सोलवरील हिरवी खूण वर्तमानकाळाची नसते. ती उपकरणाने शेवटच्या भेटीत स्वतःविषयी काय सांगितले तेवढेच दाखवते. रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याचा लॅपटॉप महिनाभर कपाटात बंद असेल, तर त्याच्यापुढील खुणेचा अर्थही महिन्याभराचा जुना आहे. ‘शेवटचा संपर्क’ हा रकाना म्हणूनच मला त्या हिरव्या खुणेपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

नियम लिहिणे सोपे असते; तो कोणाला अडवेल याचा अंदाज घेणे कठीण. आपल्याकडे कर सल्लागार आणि लेखा विभाग विवरणपत्रे भरताना डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरतात. यांतील काही टोकन संगणकाला जोडल्यावर सीडी ड्राइव्ह म्हणूनही दिसतात, त्यामुळे ‘काढता येण्याजोगी सर्व साधने बंद’ असा सरसकट नियम नेमक्या मुदतीच्या दिवशी सहीच अडवू शकतो. म्हणून जाणता प्रशासक असा नियम आधी फक्त नोंद घेण्याच्या अवस्थेत चालवतो, म्हणजे काहीही न अडवता काय अडले असते याची यादी मिळवतो. त्यानंतर तो नियम प्रथम आयटी विभागाच्या स्वतःच्या मशीनवर, मग एखाद्या विभागावर आणि शेवटी सर्वांवर लागू केला जातो. या टप्प्यांना त्या क्षेत्रात रिंग म्हणतात.

टप्पे वगळले की काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोजवरील एजंटसाठी एक माहितीची फाइल सोडली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. या ७८ मिनिटांत ती उतरवून घेणारे संगणक निळ्या स्क्रीनवर कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतात काही विमान प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कारण अगदी किरकोळ होते. नव्या फाइलमधील नियम २१ व्या रकान्यातील मजकूर तपासू पाहत होता, पण एजंटमध्ये त्यासाठी २० च रकान्यांची माहिती येत होती. आधीच्या फाइलींत २१ व्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने ही तफावत कधी उघड झाली नव्हती. एजंट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालत असल्यामुळे त्याची चूक साऱ्या संगणकाला भोवली.

या घटनेतील खरा धडा कन्सोलमध्ये दडलेला होता. एजंटची सर्वांत नवी आवृत्ती न घेता एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहण्याची सोय ग्राहकांना तिथे होती आणि सावध प्रशासकांनी ती वापरलीही होती. परंतु ही सोय प्रोग्रामच्या आवृत्तीपुरती होती. नव्या हल्ल्यांची ओळख पटवणाऱ्या माहितीच्या फाइली तिला वळसा घालून थेट येत. आपल्या हाती आहे असे वाटणारा लगाम प्रत्यक्षात अर्ध्याच घोड्यांना बांधलेला होता.

दुरुस्तीच्या वेळी ‘ओढण्याची’ रीत उलटली, कारण जो संगणक सुरूच होत नाही तो नवा आदेश विचारायला येणार कसा? अनेक ठिकाणी तंत्रज्ञांना एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढेच भाग चालू ठेवून, ती फाइल हाताने काढावी लागली. डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील सोयीने कुलूपबंद असेल तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की टाइप करावी लागे. त्यानंतर कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने सोडण्याची आणि त्या केव्हा घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवू देण्याची व्यवस्था आणली.

तरीही प्रत्येक गोष्ट उशिरा घेणे हा उपाय नव्हे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइल शेअरिंगची एक गंभीर त्रुटी बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. त्याच वर्षी २७ जून रोजी नॉटपेट्या हा संगणक निकामी करणारा घातक प्रोग्राम पसरला, तेव्हा त्याच्या मार्गांपैकी एक मार्ग हीच त्रुटी होती. चोरलेल्या पासवर्डच्या दुसऱ्या मार्गाने तो दुरुस्ती केलेल्या मशीनपर्यंतही पोहोचत होता, हे खरे. पण पहिले दार दुरुस्ती न बसवलेल्या ठिकाणी साडेतीन महिने उघडे होते. त्या हल्ल्यात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची जगभरची यंत्रणा बंद पडली आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले.