चुकलेलं विज्ञान आणि फसलेली गोष्ट

सायफाय सिनेमा संपला की कुणीतरी म्हणतंच, "असं कुठे असतं का?" या एका वाक्यात दोन निराळ्या तक्रारी असतात. एक, यातलं विज्ञान चुकलंय. दुसरी, सिनेमाने आधी जे सांगितलं तेच नंतर मोडलं. माझ्या मते सिनेमा सुमार होतो तो बहुतेक वेळा दुसरीमुळे. बोलणी मात्र पहिलीला बसतात.

दिग्दर्शक रिडली स्कॉटचेच दोन सिनेमे घ्या. 'द मार्शियन' (२०१५) मंगळावरच्या भयंकर वादळाने सुरू होतो. उखडलेली अँटेना अंतराळवीर मार्क वॉटनीच्या अंगात घुसते आणि तो मेला असं समजून बाकीचे निघून जातात. हे विज्ञान साफ चूक आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही, त्यामुळे तिथल्या जोरदार वाऱ्यालाही असा रेटा नसतो. मूळ कादंबरीकार अँडी वेअर यांनीही हे कबूल केलंय. पण मार्कला एकटं पाडण्यापुरती ही सूट घेतली की पुढे सिनेमा हिशोबाला पक्का राहतो. पाणी करण्यासाठी मार्क हायड्रॅझीन या रॉकेटच्या इंधनातून हायड्रोजन काढून जाळतो आणि स्फोट होतो. का, तर आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडणारा ऑक्सिजन त्याने धरलाच नव्हता! चूक होते, तिचं कारण सापडतं आणि ते पटतं.

आता 'प्रोमिथियस' (२०१२). दिसायला देखणा, आणि म्हणूनच मला त्याची जास्त हळहळ वाटते. त्यातला भूगर्भशास्त्रज्ञ उडते गोळे सोडून परग्रहावरच्या भुयारांचा नकाशा तयार करतो आणि परतताना तोच वाट चुकतो. त्याच्यासोबत निघालेला जीवशास्त्रज्ञ मेलेला परग्रहवासी बघून माघारी फिरलेला असतो. तोच थोड्या वेळाने फणा काढलेल्या जिवंत प्राण्याला चुचकारत हात पुढे करतो. इथे भौतिकशास्त्राचा एकही नियम मोडलेला नाही, मोडलीत ती माणसं. कुणाला तरी मारायचं होतं म्हणून लेखकाने त्यांची अक्कल काढून घेतली. अशा मरणाची भीती वाटत नाही, नुसती चिडचिड होते.

कधीकधी मात्र दोन्ही चुका एकाच जागी पडतात. 'ग्रॅव्हिटी'मध्ये (२०१३) हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत तरंगत जाणं अशक्य आहे, कारण दोघांच्या कक्षा वेगळ्या. तरी मी ते आनंदाने मान्य केलं. पण पुढे सहकारी अंतराळवीराशी दोरीने जोडलेला कोवाल्स्की ती दोरी सोडवतो आणि दूर खेचला जातो, तिथे मी अडलो. तोवर सिनेमानेच शिकवलं होतं की इथे ओढणारं काही नाही, थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते. दोघं तर थांबलेलेच दिसत होते. मग त्याला नेलं कुणी?