जीवशास्त्रातली ऑनर्स पदवी : गुणवत्ता यादीपासून प्रबंधापर्यंत

चार वर्षांच्या पदवीमुळे महाराष्ट्रातल्या बीएस्सीच्या वर्गांत ‘ऑनर्स’ची चर्चा सुरू झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार तीन वर्षांत १२० क्रेडिट (म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल मिळणारे श्रेयांक) झाली की साधी पदवी आणि चार वर्षांत १६० झाली की ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करून ‘ऑनर्स विथ रिसर्च’ मिळवता येते. हा मान नक्की कशासाठी द्यायचा, यावर मात्र गेली पावणेदोनशे वर्षं खल चालू आहे.

चार्ल्स डार्विन १८३१मध्ये केंब्रिजमधून पदवीधर झाला, तो साध्या परीक्षेतून. ऑनर्स न घेणाऱ्या १७८ जणांत त्याचा दहावा क्रमांक होता. त्या काळी ऑनर्स मिळायचे ते गणितात किंवा ग्रीक-लॅटिनमध्ये. भुंगेरे गोळा करण्याचं त्याचं वेड, प्रा. हेन्स्लो यांची वनस्पतिशास्त्राची व्याख्यानं, त्यांच्यासोबतची रानातली भटकंती, यातलं काहीही निकालात धरलं जात नव्हतं. केंब्रिजने निसर्गविज्ञानांची स्वतंत्र ऑनर्स परीक्षा १८४८मध्ये मंजूर केली आणि पहिली परीक्षा १८५१मध्ये झाली.

तरी भर राहिला तो वाचून लिहिण्यावरच. खरा बदल घडवला शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर आणि जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी. फॉस्टर १८७०मध्ये केंब्रिजला आले आणि त्यांनी शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेत शिकवायला सुरुवात केली. लंडनमध्ये हक्सली शिक्षकांचे वर्ग घेत होते. तिथे यीस्ट, अमिबा, नेचा, घेवड्याचं रोप, शिंपला, बेडूक असे मोजके नमुने ठेवलेले असत आणि प्रत्येकाने ते सूक्ष्मदर्शकाखाली किंवा चिरून स्वतः बघायचे, असा दंडक होता. दोघांच्याही हाताखाली तयार झालेले न्यूएल मार्टिन १८७६मध्ये अमेरिकेत नव्याने उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि ही पद्धत अटलांटिक ओलांडून गेली.

अमेरिकेत ऑनर्सला दोन वाटा फुटल्या. एक एकूण गुणांवरची. हार्वर्डने १८६९मध्ये विशेष प्रावीण्याची पदवी सुरू केली आणि पुढे तिला ‘कुम लाउदे’ (प्रशंसेसह) यासारख्या लॅटिन श्रेणी आल्या. या वाटेचं पुढे काय झालं पाहा : २००१मध्ये हार्वर्डच्या ९१ टक्के पदवीधरांना ऑनर्स मिळाले, आणि मग विद्यापीठाला ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. दुसरी वाट विभागाच्या ऑनर्सची, म्हणजे स्वतंत्र काम आणि त्यावरची परीक्षा. स्वार्थमोर महाविद्यालयात फ्रँक एडलॉट यांनी १९२२मध्ये सुरू केलेल्या ऑनर्समध्ये परीक्षक बाहेरून येत. शिकवणाऱ्यानेच गुण द्यायचे नाहीत, ही त्यातली कळीची गोष्ट. याच महाविद्यालयात डेव्हिड बाल्टिमोर जीवशास्त्र घेऊन दाखल झाला, पण संशोधनाचा प्रबंध करता यावा म्हणून त्याने विषय बदलून रसायनशास्त्र घेतलं. १९६०मध्ये तो ऑनर्ससह बाहेर पडला आणि १९७५मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवलं. प्रबंधासाठी आवडता विषय सोडणारा हा मुलगा मला पदकांच्या कुठल्याही यादीपेक्षा जास्त काही सांगून जातो.

आपल्याकडे विलायती परीक्षेतला क्रमांक आधी पोचला. रघुनाथ परांजपे १८९९मध्ये केंब्रिजला गणिताच्या ऑनर्समध्ये संयुक्तपणे पहिले आले आणि ‘रँग्लर’ (त्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला) ही त्यांच्या नावामागची कायमची पदवी झाली. जीवशास्त्रात जानकी अम्मल यांनी १९२१मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी घेतली. पुढे ऊस आणि वांग्याच्या गुणसूत्रांवर त्यांनी मोलाचं काम केलं. पण नुसत्या क्रमांकाने प्रयोगशाळेचं दार उघडतंच असं नाही. कमला सोहोनी १९३३मध्ये मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आल्या, तरी केवळ बाई म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना नकार मिळाला. अखेर प्रवेश मिळाला तोही अटींवर. त्या अटी पाळून त्यांनी काम केलं आणि १९३९मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

आपलं प्रॅक्टिकल अजूनही ठरावीक चाकोरीतलं आहे. टोक काढलेली पेन्सिल, खोडाचा आडवा छेद, उजवीकडे एकाखाली एक नावं, जर्नलवर सही, आणि स्पॉटिंगला, म्हणजे टेबलावरचा नमुना ओळखायच्या परीक्षेला, घंटा वाजली की पुढचं टेबल. हे सगळं यायलाच हवं, हात त्यानेच बसतो. मात्र त्यात उत्तर आधीच छापलेलं असतं. प्रबंधात ते कुणालाच ठाऊक नसतं, मार्गदर्शकालाही नाही. फळमाश्यांच्या पिढ्यामागून पिढ्या मोजायच्या, अर्ध्या बाटल्यांना बुरशी लागली की पुन्हा सुरुवात करायची, आणि शेवटी आकडे आपल्या अंदाजाविरुद्ध गेले तर तसेच लिहायचे.

म्हणूनच ७५ टक्क्यांची अट मला खटकते. प्रयोगशाळेत रमणारी, पण भाषेच्या किंवा इतर पेपरात मागे पडलेली मुलगी ६८ टक्क्यांवर थांबली, तर तिला प्रकल्पाऐवजी तेवढ्याच १२ क्रेडिटचे आणखी पेपर द्यावे लागणार. विभागाने तिची जर्नल पाहून, तासभर तोंडी परीक्षा घेऊन निर्णय घ्यावा, एवढी मोकळीक नियमात हवी.