तोकुसात्सु

तोकुसात्सु हा जपानी सिनेमा-टीव्हीचा एक प्रकार. रबरी सूट घातलेला माणूस राक्षस बनतो, प्लॅस्टरचं बुटकं शहर तुडवतो, आणि त्याला अडवायला कधी लष्कर, कधी दुसरा राक्षस तर कधी अंतराळातून आलेला चंदेरी हिरो येतो. खरं तर स्पेशल इफेक्ट्सने केलेलं कुठलंही चित्रण या शब्दात बसतं, पण बोलताना लोकांच्या डोळ्यासमोर गॉडझिला, गॅमेरा, अल्ट्रामॅन, कामेन रायडर हीच मंडळी येतात. महाराष्ट्रात आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना हे नाव माहीत असेलच असं नाही पण दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट' म्हटलं की लगेच ओळख पटते. या नोंदीत भर साधारण १९५४ ते १९७५ या काळावर आहे, कारण जुन्या तोकुसात्सुवर जीव टाकणारे लोक बहुतेक याच काळातल्या मालावर जीव टाकतात.

सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. सोपं उत्तर म्हणजे ३ नोव्हेंबर १९५४, त्या दिवशी तोहो कंपनीचा 'गोजिरा' म्हणजे आपला गॉडझिला रिलीज झाला. दिग्दर्शक इशिरो होंडा, इफेक्ट्स एइजी त्सुबुराया, निर्माता तोमोयुकी तानाका. पण सूट घालून राक्षस होणं जपानमध्ये त्याआधीही झालेलं होतं. अमेरिकेतला 'किंग काँग' १९३३ मध्ये आला आणि त्याच वर्षी शोचिकू कंपनीने त्यावर एक छोटा विनोदी मूकपट काढला, त्यात नायक पोटापाण्यासाठी स्टेजवर काँगचं सोंग घेतो, म्हणजे सूटमधला माणूस हाच गोष्टीचा विषय. मग १९३८ मध्ये काँग एदो शहरात (म्हणजे जुन्या टोकियोत) येतो असा एक पोशाखी सिनेमा आला. या दोन्हींची प्रिंट आज उपलब्ध नाही. दुसऱ्यातलं माकड नेमकं केवढं होतं यावर अभ्यासक भांडतात, कारण जाहिरातीत ते घरांच्या वर उभं दिसतं आणि कथासारांश वाचला तर ते माणसाएवढंच असावं, सूडाच्या कामाला वापरलेलं पाळीव जनावर. जाहिरातवाल्यांची सवय बघता कथासारांशावर भरवसा ठेवणं जास्त बरं वाटतं, आणि तसं असेल तर त्याला पहिला जपानी राक्षसपट म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं. तरी धागा पूर्ण तुटत नाही. तो सूट बनवणारे फुमिनोरी ओहाशी यांनी पुढे १९५४ च्या सूटलाही हातभार लावला असं काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं, मात्र श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही.

दुसरा वाद सूटच का यावर. त्सुबुराया हे 'किंग काँग'चे भक्त, त्यांना तसंच हवं होतं, म्हणजे बाहुली इंचभर हलवायची, एक फ्रेम काढायची, परत हलवायची. पण हाताशी असलेल्या माणसांत तसं करायला सात वर्षं लागतील असं ते म्हणाले आणि म्हणून नाइलाजाने सूट आला, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. आकडा सातच होता का हे सोडून देऊ, मुद्दा पटण्यासारखा आहे. पण नुसता नाइलाज म्हणणं अर्धवट वाटतं. त्सुबुराया युद्धकाळातल्या प्रचारपटांसाठी पर्ल हार्बरसकट सगळी मिनिएचर म्हणजे छोटी मॉडेल्स उभी करून हात बसवलेले गृहस्थ होते (ते फुटेज युद्धानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांना खरं वाटलं ही कथा ऐकायला भारी आहे पण तिला ठोस आधार दिसत नाही), तेव्हा छोटं शहर बांधून त्यात मोठं काहीतरी सोडणं हे त्यांच्या हातातलंच काम होतं. शिवाय १९५४ च्या सिनेमात सगळा सूट नाहीच, जवळच्या शॉट्सना हातात घालायचं बाहुलं आहे आणि शेपटीच्या एका फटक्यात फ्रेम-फ्रेमवालं तंत्रसुद्धा आहे. म्हणजे जे परवडेल आणि जमेल ते सगळं एकत्र. तोकुसात्सुचा स्वभाव तिथेच ठरला.

सूटचं काम कसं चालायचं ते नीट बघण्यासारखं आहे. पहिला गॉडझिला सूट साधारण १०० किलोचा झाला, आत बांबू आणि तारेचा सांगाडा, वर कापड आणि रबर. हारुओ नाकाजिमा हे स्टंट करणारे नट त्यात शिरले तर चार पावलं टाकणं मुश्किल, शेवटी तो सूट कापून खालचा भाग नुसत्या पायांच्या शॉट्सना वापरला आणि दुसरा हलका केला. नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं चालतात कशी ते बघून आले, आणि १९७२ पर्यंत हा रोल मुख्यतः त्यांच्याकडेच राहिला. डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांची, डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून ती काढली. जनावराचा आवाज आधी वापरून पाहिला होता, जमला नाही.

आता कॅमेऱ्याच्या स्पीडचा भाग, कारण खोटेपणा लपतो किंवा उघडा पडतो तो इथेच. कथेतला गॉडझिला ५० मीटर, सूट २ मीटरच्या आसपास, म्हणून शहर १/२५ मापाचं. २ मीटरवरून पडणारा तुकडा साधारण ०.६४ सेकंदात खाली येतो, ५० मीटरवरून पडणारा ३.२ सेकंदात, म्हणजे बरोबर पाचपट. याचं कारण पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. मग प्लॅस्टरची इमारत खरी इमारत वाटायची असेल तर सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम काढायला आणि पडद्यावर नेहमीच्या २४ नेच चालवायला हव्यात, म्हणजे पडणं पाचपट संथ दिसतं, आणि एवढा स्पीड नेहमी परवडायचा नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीवर भागवलं जायचं. स्पीड वाढवला की प्रत्येक फ्रेमला उजेड कमी मिळतो, मग दिवे वाढवा, दिवे वाढवले की सूटच्या आत भट्टी, नट चक्कर येऊन पडायचे आणि आतला बनियन पिळून घाम काढायचे. बरं एवढं करूनही पाणी आणि आग दगा देतात कारण पाण्याचा थेंब आणि ज्वाळेची जीभ काही १/२५ मापात मिळत नाही. म्हणूनच गॉडझिला रस्त्यावर खरा वाटतो आणि समुद्रात उतरला की हौदात उतरल्यासारखा वाटतो. जुने शौकीन नेमके हेच शॉट रिवाइंड करून बघतात.

आशयाबद्दल थोडक्यात. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, जपानी मच्छीमार बोट 'दाइगो फुकुर्यू मारू' किरणोत्सर्गात सापडली, आणि पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीला जहाजं पेटतात त्यामागे हेच आहे यावर फारसं दुमत नाही. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९६५ मध्ये मांडलं की असे विध्वंसपट खऱ्या भीतीला बोथट करतात. पुढच्या फार्सवजा सिनेमांना ते लागूही पडतं, पण १९५४ चा सिनेमा हॉस्पिटलमधल्या रांगा आणि पोरांच्या अंगावर धरलेलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र दाखवतो, त्याला बोथट म्हणवत नाही. १९५६ मध्ये रेमंड बर या नटाचे प्रसंग जोडून अमेरिकन आवृत्ती निघाली तेव्हा यातलं बरंच गळलं, आणि जगभर बऱ्याच लोकांनी आधी तीच आवृत्ती पाहिली.

पहिला सिनेमा स्वस्तातला अजिबात नव्हता, जपानमध्ये त्याची सुमारे ९६ लाख तिकिटं खपली. स्वस्ताई आली ती साठच्या दशकात, टीव्हीमुळे. १९६६ च्या जानेवारीत त्सुबुराया यांच्या स्वतःच्या कंपनीची 'अल्ट्रा क्यू' ही ब्लॅक अँड व्हाइट मालिका टीबीएस या जपानी वाहिनीवर सुरू झाली आणि जुलैमध्ये तिच्या जागी रंगीत 'अल्ट्रामॅन', ३९ भाग. दर आठवड्याला नवा राक्षस म्हणजे दर आठवड्याला नवा सूट, एवढा पैसा आणणार कुठून? मग सिनेमातून उरलेले सूट आले. १९६५ च्या एका सिनेमातला बॅरागॉन नावाच्या राक्षसाचा सूट घेऊन त्याचे टीव्हीवर पागोस, नेरोंगा, मॅग्युलर आणि गॅबोरा असे चार राक्षस केले, दर वेळी डोकं, शिंग, पाठीचं कवच थोडं बदलून. 'अल्ट्रामॅन'मधला पंजांच्या जागी चिमटे असलेला प्रसिद्ध शत्रू बाल्टन हा 'अल्ट्रा क्यू'तल्या सिकाडा-माणसाचा (सिकाडा म्हणजे झाडावर किरकिरणारा किडा) सूट बदलून केलेला. आणि दहाव्या भागात तर चक्क गॉडझिलाच्या गळ्यात पिवळी झालर घालून त्याला जिरास नावाने उभा केला, आत पुन्हा नाकाजिमाच, आणि अल्ट्रामॅन झटापटीत ती झालर उपटून काढतो तेव्हा समोर उभा कोण आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. निर्मात्यांना हे कळत नव्हतं असं मानणं कठीण आहे, ती थट्टा मुद्दामच असावी.

अल्ट्रामॅनच्या छातीवरचा दिवा हाही असाच. पृथ्वीवर त्याची ताकद तीनच मिनिटं टिकते आणि संपत आली की दिवा लुकलुकतो. लढाईचे सीन महाग म्हणून ही मर्यादा घातली असं एक स्पष्टीकरण, नुसत्या कथेच्या ताणासाठी घातली असं दुसरं, दोन्ही एकाच वेळी खरी असायला हरकत नाही. दिवा नुसता रंग न बदलता लुकलुकतो आणि आवाज करतो ते घरोघरच्या ब्लॅक अँड व्हाइट सेटसाठी, असंही सांगतात. डिझायनर तोरु नारिता यांना मात्र हा दिवा कधीच आवडला नाही, नंतरच्या आपल्या चित्रांत ते तो काढतच नसत. मालिकेचं रेटिंग सरासरी ३६ टक्क्यांच्या वर होतं.

बाकी कंपन्याही उतरल्या. दाएईचा उडणारा कासव गॅमेरा १९६५ चा, निक्कात्सु आणि शोचिकू यांनी १९६७ मध्ये एकेक राक्षस करून पाहिला. एप्रिल १९७१ मध्ये शोतारो इशिनोमोरी यांचा 'कामेन रायडर' आला आणि मोठ्या राक्षसांऐवजी माणसाएवढे राक्षस चालू झाले, शहर बांधायचा खर्चच गेला. १९७५ मध्ये पाच रंगांच्या पाच जणांची 'गोरेंजर'. याच परंपरेतल्या एका मालिकेचं फुटेज उचलून १९९३ मध्ये 'पॉवर रेंजर्स' झालं, ज्यातून आपल्याकडच्या पुढच्या पिढीला तोकुसात्सु भेटलं. इकडे त्सुबुराया जानेवारी १९७० मध्ये वारले, तोहोचे गॉडझिलापट जुन्या सिनेमांतले सीन चिकटवून निघायला लागले, इतके की १९७२ च्या सिनेमात भर दिवसाच्या मारामारीत मध्येच रात्र होते. १९७५ मध्ये तिकिटं दहा लाखांच्या खाली गेली आणि गॉडझिलापटांची मालिका नऊ वर्षं थांबली.

भारतातला दुवा म्हणजे 'जायंट रोबोट'. मूळ मालिका तोएईची, मित्सुतेरु योकोयामा यांच्या मांगावरून (मांगा म्हणजे जपानी कॉमिक), ऑक्टोबर १९६७ ते एप्रिल १९६८, २६ भाग. अमेरिकेत तिचं डबिंग झालं तेव्हा नायक दाइसाकू कुसामा हा पोरगा जॉनी सोको झाला. दूरदर्शनवर ही मालिका ऐंशीच्या दशकात आली, म्हणजे जपानमध्ये संपून दीड दशक उलटल्यावर, आणि आपल्याकडे कुणाला ती शिळी वाटली नाही कारण तुलना करायला दुसरं होतंच काय. इजिप्तच्या फारो राजासारखं तोंड असलेला रोबोट, बोटांच्या टोकांतून सुटणारी मिसाइल्स, समुद्राखालून हुकूम सोडणारा सम्राट गिलोटिन, आणि पहिला आवाज ज्याचा ऐकला त्याचंच ऐकणारं यंत्र. तो आवाज एका शाळकरी पोराचा निघतो, सगळी गंमत यात. मधल्या सुट्टीत मनगटावरच्या घड्याळाशी तोंड नेऊन ऑर्डर सोडणाऱ्या पोरांची पिढी यातून तयार झाली, घड्याळ नसेल तर बॉलपेनने काढलेलं चालायचं. शेवटच्या भागात रोबोट पहिल्यांदाच जॉनीचा हुकूम मोडतो आणि गिलोटिनला कवेत घेऊन अंतराळात जातो, उल्केवर आदळून दोघंही संपतात. या भागाने पोरं रडली हे इतक्या जणांनी इतक्या ठिकाणी सांगितलंय की ते खरं धरायला हवं.

मुंबईचा स्वतःचा राक्षससुद्धा होता, १९६६ चा 'गोगोला', दिग्दर्शक बलवंत दवे. समुद्रातून येऊन मुंबईवर चालून जाणारा हा हिंदी गॉडझिला, आणि नाव कुठून सुचलं ते सांगायला नको. सिनेमा आज मिळत नाही, गाणी आणि पोस्टर मिळतात. तंत्राच्या अंगाने मात्र आपल्याकडची परंपरा त्याहून जुनी आहे, बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ मध्येच 'ख्वाब की दुनिया'त काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत हलवून दाखवल्या होत्या आणि त्यावरून त्यांना 'काला धागा' हे टोपणनाव पडलं. जपानी मंडळी त्याच कामाला पियानोची तार वापरत. तीन डोक्यांचा राक्षस घिदोरा १९६४ मध्ये आला, त्याची डोकी, शेपट्या, पंख वरून तारांनी ओढायला बरीच माणसं लागायची आणि आत एक जण वाकून उभा.

या तारांवरून हल्ली शौकिनांत बऱ्यापैकी मारामारी आहे. जुने सिनेमे नव्याने साफ करून हाय डेफिनिशनमध्ये निघाले तेव्हा थिएटरात किंवा खरखरीत टीव्हीवर न दिसलेल्या तारा स्पष्ट दिसायला लागल्या. काहींचं म्हणणं त्या कंप्युटरवर पुसाव्यात कारण मुळात त्या दिसू नयेत म्हणूनच रंगवलेल्या होत्या, काहींचं म्हणणं हात लावू नका. दुसऱ्या बाजूचं वजन जास्त वाटतं, कारण ही आवड राक्षस खरा वाटतो म्हणून टिकलेली नाही, त्याच्या आत घामाघूम माणूस आहे हे माहीत असूनही पुढच्या सीनला आपण सरसावून बसतो म्हणून टिकली आहे. फक्त खिल्ली उडवायला हे सिनेमे बघणारेही आहेत, अमेरिकेत १९८८ पासून त्यावर एक अख्खा टीव्ही कार्यक्रम चालला आणि त्यात गॅमेराचे पाच सिनेमे सोलून काढले गेले. पण गंमत अशी की त्याच कार्यक्रमामुळे गॅमेराला तिकडे नवे चाहते मिळाले.

सूट अजून पूर्ण गेलेला नाही, टीव्हीवरचे अल्ट्रामॅन आजही सूट आणि मिनिएचरवरच चालतात. गॉडझिला मात्र २०१६ पासून जपानी सिनेमातही मुख्यतः कंप्युटरवर बनतो, आणि ताकाशी यामाझाकी यांच्या २०२३ च्या सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ बजेटमध्ये, ३५ जणांच्या इफेक्ट्स टीमवर.